उपग्रहचित्राखाली तारीख छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यावरणाच्या पानावर अलीकडे दोन उपग्रहचित्रे शेजारीशेजारी छापून आली. डावीकडच्या चित्राखाली ‘आधी’, उजवीकडच्या चित्राखाली ‘नंतर’ आणि वर ठसठशीत मथळा : ‘जंगल परतले’. डावीकडचे डोंगर तपकिरी, उजवीकडचे हिरवेगार. वाचून कुणालाही बरे वाटावे. मी भिंग काढले आणि दोन्ही चित्रे नीट पाहिली. दोन्हींत खालच्या बाजूने एक नदी जाते. डाव्या चित्रात तिच्या पात्रात वाळूचे पांढरे पट्टे उघडे पडले आहेत आणि पाण्याची एक बारीक धार तेवढी दिसते. उजव्या चित्रात पात्र काठोकाठ भरले आहे. डावीकडची शेते कापणी होऊन मोकळी पडलेली, उजवीकडची पिकांनी भरलेली. डोंगरांच्या सावल्या डावीकडे लांब, उजवीकडे आखूड, म्हणजे दोन्ही वेळी सूर्याची उंचीही वेगळी होती. एक चित्र कोरड्या ऋतूतले आणि दुसरे पावसाळा सरत असतानाचे, हे उघड आहे. पानगळीचे जंगल पाने गाळून उभे असते तेव्हा वरून पाहणाऱ्याला मुख्यतः खालची माती आणि वाळका पाचोळाच दिसतो. तेच जंगल, तीच झाडे काही महिन्यांनी गर्द हिरवी दिसतात. त्यामुळे छापलेला फरक वर्षांचा आहे की ऋतूंचा, हे त्या चित्रांवरून कुणालाही सांगता येणार नाही. चित्रांखाली तारखा नव्हत्या.

बातमी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. तिथे जंगल खरोखर परतले असेलही, आणि परतले असेल तर ते सिद्ध करण्याची साधने आज आहेत. पण जो पुरावा वाचकांपुढे ठेवला गेला त्यातून ते सिद्ध होत नाही. एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. ते जरा लांबले आहे, पण विषय चार ओळींत मावणारा नाही.

माझी सगळी नोकरी उपग्रहचित्रांचा अर्थ लावण्यात गेली. सुरुवातीच्या काळात चित्र फिल्मवर येई. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर ती फिल्म पसरायची, वर पारदर्शक कागद चिकटवायचा आणि भिंगातून बघत बारीक निबाच्या पेनने हद्दी आखायच्या. हे जंगल, हे शेत, हे पाणी, ही वस्ती. पुढे संगणक आले आणि आठवड्यांचे काम मिनिटांवर आले. तरी प्रश्न तेच राहिले. अमुक तुकड्याला जंगल म्हणता ते कशावरून? आणि ते कोणत्या दिवशीचे?

वाचकांना उपग्रहचित्र हा उंचावरून काढलेला फोटो वाटतो, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. उपग्रहावरचे उपकरण प्रत्यक्षात मोजमाप घेत असते. जमिनीच्या प्रत्येक चौकोनी तुकड्यावरून, म्हणजे प्रत्येक पिक्सेलवरून, प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत किती ऊर्जा परत येते याचे आकडे ते नोंदवते. हिरव्या पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते. निकट अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण पानाच्या आतल्या पेशींची रचना तो मोठ्या प्रमाणात परत फेकते. पाणी तोच प्रकाश जवळजवळ सगळा गिळते, म्हणून त्या पट्ट्यात तलाव काळे दिसतात. कोरडी माती या दोहोंच्या मधली. लाल आणि निकट अवरक्त या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो. वनस्पतींच्या हिरवेपणाचे हे माप १९७०च्या दशकात रूढ झाले आणि आजही जगभर तेच सर्वाधिक वापरले जाते. त्या आकड्यांना रंग देणे हे माणसाचे काम. आम्ही टेबलावर जी चित्रे पाहत असू त्यांत जंगल लालभडक दिसे, कारण अवरक्त पट्ट्याला लाल रंग देण्याचा प्रघात होता. म्हणून चित्रात हिरवे दिसले म्हणजे जमिनीवर हिरवे असेलच असे नाही. कोणत्या पट्ट्याला कोणता रंग दिला, हे सांगितल्याशिवाय चित्र वाचताच येत नाही.

या विद्येने जगाला काय दिले, हे मी कमी लेखत नाही. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने जमिनीची नोंद ठेवणारा पहिला लँडसॅट उपग्रह सोडला तेव्हा त्याचे मुख्य उपकरण म्हणजे कॅमेऱ्यांचा संच मानला जात होता, आणि सोबतचा बहुवर्णपटीय, म्हणजे प्रकाशाचे अनेक पट्टे वेगवेगळे मोजणारा, स्कॅनर हा दुय्यम प्रयोग. तो स्कॅनर व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंता स्त्रीने घडवला होता. विजेच्या बिघाडामुळे कॅमेरे काही दिवसांतच बंद करावे लागले आणि स्कॅनरची चित्रे इतकी सरस निघाली की पुढचे सगळे शास्त्र त्याच वाटेने गेले. त्याचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा होता. १९८२पासून ३० मीटरचा पिक्सेल मिळू लागला. मार्च १९८४मध्ये सोडलेला लँडसॅट ५ तीन वर्षांसाठी बनवला होता. तो जवळजवळ २९ वर्षे काम करत राहिला. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज आजही बदलतो. एकाच यंत्राने, एकाच पद्धतीने, एका पिढीहून अधिक काळ जमिनीची नोंद ठेवली, आणि आज आपण जंगल, पाणी, शेती यांच्या बदलांबद्दल जे ठामपणे बोलतो त्याचा मोठा भाग त्या नोंदीवर उभा आहे.

‘आधी’ आणि ‘नंतर’ची सवय कुठून आली याबद्दल माझे एक मत आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर लँडसॅटचा कारभार खासगी कंपनीकडे गेला आणि एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या पुढे गेली. संशोधकाच्या पदरात जेमतेम दोन चित्रे पडत : एक जुने, एक नवे. दोन चित्रांची तुलना ही त्या काळची लाचारी होती, शास्त्राची निवड नव्हती. इतकेच नव्हे, ज्या भागांच्या चित्रांना गिऱ्हाईक नव्हते त्यांची चित्रे अनेकदा घेतलीच गेली नाहीत, आणि त्या वर्षांची ती पोकळी आता कधीच भरून निघणार नाही. मग २००८मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने सगळा संग्रह विनामूल्य खुला केला. वर्षभराच्या आत दहा लाखांवर चित्रे लोकांनी उतरवून घेतली. २०१५पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटरच्या पिक्सेलची चित्रे फुकट देऊ लागले. दोन सेंटिनेल मिळून दर पाच दिवसांनी आणि लँडसॅट ८ व ९ मिळून दर आठ दिवसांनी त्याच जागेवरून जातात. ढग आडवे आले तर सेंटिनेल-१चे रडार ढगांतूनही पाहते. जुनी लाचारी संपली आहे. आता एखाद्या डोंगराची वर्षानुवर्षांची अखंड नोंद आलेख करून दाखवता येते, त्यात ऋतूंची चढउतार वेगळी काढता येते आणि खरा बदल कोणत्या वर्षी सुरू झाला तेही सांगता येते. तरीही आपण दोनच चित्रे छापतो. का?

दोन तारखा किती फसवू शकतात याचे सगळ्यात बोलके उदाहरण सहाराच्या दक्षिण कडेचे, साहेल पट्ट्याचे आहे. वाळवंट दरवर्षी दक्षिणेकडे सरकत आहे, असे जगभर सांगितले जात होते. कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० या काळात हवामान उपग्रहांच्या नोंदींवरून दरवर्षी ती सीमा कुठे होती ते आखले आणि १९९१मध्ये प्रसिद्ध केले. १९८० ते १९८४ या दुष्काळी वर्षांत सीमा दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला उतरली होती. १९८५मध्ये पाऊस झाला आणि ती पुन्हा उत्तरेला सरकली. त्यानंतरही ती कधी खाली, कधी वर अशी हलत राहिली. ज्याने १९८० आणि १९८४ची चित्रे शेजारी लावली असती त्याने ‘वाळवंट गिळत चालले’ असा मथळा दिला असता. १९८४ आणि १९८५ची लावणाऱ्याने ‘वाळवंट हटले’ असा. दोन्ही चित्रे खरी असती आणि दोन्ही मथळे चुकीचे.

आता हिरवेपणाकडे येते, कारण खरी तळमळ तिथे आहे.

२०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाच्या २००० ते २०१७ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि पृथ्वीवरचे पानांचे क्षेत्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. या वाढीत चीन आणि भारत आघाडीवर होते. बातम्या आल्या त्या ‘पृथ्वी हिरवी होत आहे’ अशा, आणि अनेकांनी त्याचा अर्थ जंगल वाढले असा घेतला. त्याच अभ्यासात पुढे लिहिले आहे की भारतातल्या वाढीपैकी ८२ टक्के वाढ शेतजमिनीवरची आहे, जंगलाचा वाटा अगदी थोडा. म्हणजे सिंचन, खते आणि वर्षातून एकाहून अधिक पिके. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही, लोकांना अन्न लागते. पण उपसलेल्या भूजलावर उभे असलेले पीक आणि शेकडो वर्षांचे जंगल एनडीव्हीआयच्या आकड्यात सारखेच दिसू शकतात. दाट झाडोऱ्यावर तर हा निर्देशांक एका मर्यादेनंतर वाढायचाच थांबतो. त्यापुढे तो नव्याने लावलेली निलगिरी आणि अनेक थरांचे जुने अरण्य यांत भेद करत नाही.

मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांचा २०१३चा जागतिक नकाशा घ्या. लाखो लँडसॅट चित्रांवरून त्यांनी २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेल्याचे आणि ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने आल्याचे दाखवले. काम थोर आहे, यात वाद नाही. पण त्यात पाच मीटरहून उंच वाढणारी कोणतीही वनस्पती झाड म्हणून धरली होती, आणि पुढच्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी हे निदर्शनास आणले की एकाच जातीच्या लागवडीही त्यात जंगल म्हणून मोजल्या जातात. जुने जंगल तोडून तेलताड, म्हणजे पामतेलाचे झाड, लावला तर तोड एकदा दिसते आणि काही वर्षांनी ‘वाढ’ही दिसते. वजाबाकी केली की नुकसान कमी भासते. तिथे राहणाऱ्या वानराच्या, धनेशाच्या, बेडकाच्या दृष्टीने तशी वजाबाकी होत नाही.

जंगल कशाला म्हणायचे हे उपग्रह ठरवत नाही, माणसे ठरवतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, पाच मीटरहून उंच झाडे आणि दहा टक्क्यांहून अधिक जमीन झाडांच्या छत्राखाली असली की ते वन. त्या व्याख्येत रबराची लागवड वनात धरतात आणि तेलताडाची धरत नाहीत. झाडे तोडली पण पुन्हा लावायची आहेत, अशी उघडी जमीनही वनातच राहते. ही व्याख्या चुकीची आहे असे नाही, ती एका विशिष्ट कामासाठी केलेली आहे. पण बातमीत नुसता टक्केवारीचा आकडा येतो आणि व्याख्या येत नाही, तेव्हा वाचकाच्या मनात जे अरण्य उभे राहते ते त्या आकड्यात असेलच असे नाही.

याची उलट बाजू माझ्या अधिक जिव्हाळ्याची आहे. एका नकाशाच्या प्रत्यक्ष पडताळणीसाठी मी एका गवताळ माळावर गेले होते. नकाशात तो सगळा तुकडा ‘पडीक’ या रंगात होता. कागदावर पाहिले तर तिथे काहीच नव्हते. पाऊस होऊन गेलेला. प्रत्यक्षात गुडघाभर गवत, त्यात निदान दहाएक प्रकारच्या गवतांची कणसे, पायाखालून भुर्रकन उडणारे चंडोल, आणि गवताच्या बुडाशी खळग्यात त्यांची अंडी. सोबतचा मेंढपाळ मला कोणते गवत कोणत्या महिन्यात येते, कोणते जनावर कोणते खात नाही, कुठल्या बाजूला लांडग्याची ये-जा आहे ते सांगत होता. मी वहीत नोंदी करत गेले आणि मनात विचार हाच होता की या जागेला ‘पडीक’ हा शिक्का कायम राहिला तर उद्या कुणीतरी इथे झाडे लावून टाकील आणि पुढच्या उपग्रहचित्रात ते यश म्हणून मिरवेल. तो तुकडा मी नकाशात बदलून घेतला. पण जगातल्या किती माळांवर कुणी पायी गेले असेल? कोरड्या ऋतूत गवत वाळते, अवरक्त पट्ट्यातली चमक जाते आणि उपग्रहाला ती जमीन ओसाड वाटते. ब्राझीलमधल्या सेराडो या विस्तीर्ण गवताळ आणि विरळ झाडांच्या प्रदेशाचा मोठा भाग सोयाबीन आणि कुरणांखाली गेला, तरी जगाचे लक्ष शेजारच्या ॲमेझॉनकडेच राहिले, कारण तिथली तोड चित्रात ठळक दिसते. गवताळ परिसंस्था जमिनीच्या वर कमी आणि खाली मुळांत जास्त जगतात. वरून बघणाऱ्या डोळ्याला त्यांची श्रीमंती सहज दिसत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यायला हवी.

पाण्याचेही तसेच. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने तीस लाख लँडसॅट चित्रांवरून १९८४ ते २०१५ या काळातल्या जगभरच्या पृष्ठजलाचा नकाशा केला. २०१६मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर कायमस्वरूपी पाणी नाहीसे झाले आणि १ लाख ८४ हजार चौरस किलोमीटर नव्याने आले. ‘जगातले पाणी वाढले’ असा मथळा अंकगणिताने बरोबर ठरेल. पण नव्या पाण्याचा मोठा भाग धरणांच्या जलाशयांचा आहे, आणि गेलेल्या पाण्यात अरल समुद्रासारखे पाणी आहे, ज्याच्याबरोबर मासे, बंदरे, काठची बोरूची बने आणि एका प्रदेशाचे हवामान गेले. यांची बेरीज-वजाबाकी कशी करायची?

उपग्रहाला काय दिसत नाही, तेही सांगायला हवे. केंट रेडफर्ड यांनी १९९२मध्ये ‘रिकाम्या जंगला’ची कल्पना मांडली : छत्र शाबूत, झाडे उभी, पण शिकारीमुळे मोठे प्राणी संपलेले. वरून ते जंगल निरोगी दिसते. निवडक तोड, झाडांखालची आग, परकी झुडपे यांचेही बरेचदा तसेच होते. उलट कधी कधी उपग्रह असे काही दाखवतो की थक्क व्हावे. अंटार्क्टिकातले सम्राट पेंग्विन ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसणे शक्यच नाही, पण बर्फावर पडलेले त्यांच्या विष्ठेचे तपकिरी डाग दिसतात. २००९मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्या डागांवरून त्यांच्या वसाहती शोधल्या, त्यांपैकी अनेक तोवर कुणालाच माहीत नव्हत्या. हे वाचले त्या दिवशी मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

आता चुकीच्या प्रमाणाबद्दल. कोणताही नकाशा शंभर टक्के बरोबर नसतो, आणि नव्वद टक्के अचूकता उत्तम समजली जाते. समजा दहा हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशाचे दोन नकाशे आहेत, दोन वेगळ्या वर्षांचे, प्रत्येक नव्वद टक्के अचूक. त्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही नकाशांत बरोबर असलेली जमीन ८१ टक्के. उरलेल्या १९ टक्क्यांवर, म्हणजे १,९०० चौरस किलोमीटरवर, निदान एका नकाशात तरी चूक आहे. अशा वेळी ‘जंगल ५० चौरस किलोमीटरने वाढले’ या वाक्याला काय अर्थ राहतो? यावर उपाय आहे आणि तो शास्त्राने शोधलेला आहे. नकाशातले पिक्सेल नुसते मोजायचे नाहीत. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, ठिकाणे निवडायची, ती जमिनीवर जाऊन किंवा अधिक स्पष्ट चित्रांवरून तपासायची आणि त्या नमुन्यावरून क्षेत्रफळ त्रुटिमर्यादेसह सांगायचे. पोंटस ओलोफसन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि तिचा आग्रह धरला. निवडणुकीच्या मतचाचणीत आपण ‘अधिक-उणे इतके टक्के’ असे छापतो, मग जंगलाच्या आकड्यापुढे ते का छापत नाही?

शिस्तीने केलेले काम कसे असते, त्यासाठी ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेचे उदाहरण देते. त्यांचा ‘प्रोदेस’ हा कार्यक्रम १९८८पासून ॲमेझॉनमधली तोड दरवर्षी मोजतो. व्याख्या ठरलेली : फक्त संपूर्ण साफ केलेले जंगल, ६.२५ हेक्टरहून मोठे तुकडे. वर्ष ठरलेले : ऑगस्ट ते जुलै. चित्रे शक्यतो कोरड्या, कमी ढगांच्या काळातली. एकदा साफ झालेला तुकडा पुन्हा जंगलात धरत नाहीत, म्हणून नवी लागवड जुन्या नुकसानीवर पांघरूण घालू शकत नाही. या मोजणीत २००४मध्ये सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर तोड दिसली आणि २०१२मध्ये ती सुमारे ४,६०० वर आली. उपग्रहांवरून मिळणारे इशारे, संरक्षित क्षेत्रे आणि प्रत्यक्ष कारवाई यांचा त्यात मोठा वाटा होता. २०१९मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी या संस्थेचे आकडे खोटे ठरवायचा प्रयत्न केला आणि संचालक रिकार्डो गॅल्व्हाओ यांना पद गमवावे लागले. पण चित्रे आणि पद्धत दोन्ही खुली होती, कुणालाही तपासता येत होती. त्या वर्षाचा आकडा दहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास निघाला, २००८नंतरचा सर्वांत मोठा. संचालक बदलले म्हणून आकडा बदलला नाही. व्याख्या, तारीख आणि पद्धत उघड असण्याचे मोल ते हेच.

आणि चित्र कितीही चांगले असले तरी ‘का?’ हा प्रश्न जमिनीवरच्या माणसांनाच विचारावा लागतो. नायजर देशाच्या दक्षिणेत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे वाढली, हे जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे ताडून दिसले. पण ती झाडे कुणी लावली नव्हती. जमिनीखाली जिवंत राहिलेल्या जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे शेतकऱ्यांनी तोडायचे थांबवले, निवडून जपले, म्हणून ती उभी राहिली. हे उपग्रहाने सांगितले नाही, शेतकऱ्यांनी सांगितले. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये शेतातली सुटी झाडे विरून जातात, म्हणून वर्षानुवर्षे तो मुलूख नकाशांत झाडांविना राहिला होता. २०२०मध्ये अर्ध्या मीटरच्या चित्रांवरून पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा, साहेल आणि लगतच्या भागातली एकेक झाडे मोजली गेली, तेव्हा १३ लाख चौरस किलोमीटरमध्ये १८० कोटींहून अधिक झाडे निघाली.

महोदय, माझी विनंती अशी आहे. उपग्रहचित्र छापताना त्याखाली एक ओळ द्या. नमुन्यादाखल : ‘अरल समुद्र, डावीकडे ऑगस्ट २०००, उजवीकडे ऑगस्ट २०१४, टेरा उपग्रहावरील मोडिस उपकरण, दोन्ही चित्रे नैसर्गिक रंगांत, एकाच ऋतूतली.’ एवढी ओळ एका स्तंभात सहज बसते. शक्य असेल तिथे दोन चित्रांऐवजी वर्षांचा आलेख छापा. तो तितका देखणा नसतो, पण वाचकाची फसवणूक करणे त्याला अवघड जाते. आणि आपल्या वार्ताहरांना सांगा की हिरवे क्षेत्र वाढल्याचे निवेदन हाती आले की तीन गोष्टी विचाराव्यात : वन म्हणून काय धरले, त्रुटिमर्यादा किती, आणि या वाढीत नैसर्गिक जंगल किती, लागवड किती, बागा आणि शेते किती. जिथे झाडे लावली ती जागा आधी काय होती, हेही विचारावे. ती गवताळ माळ असेल तर बातमीचा अर्थच उलटा होतो. अशी फोड मिळाली तर ती आकड्याशेजारी छापा. मागूनही मिळाली नाही, तर ती मिळाली नाही हे त्याच बातमीत, त्याच ठिकाणी लिहा.

आपली,
एक निवृत्त उपग्रहचित्र-विश्लेषक